लिटरला नऊ

गाडीनं दम सोडला तो पेट्रोल पंप समोर दिसत असताना. आणखी चार पावलं रेटली असती तर काय बिघडलं असतं तिचं? पण नाही. दोनदा उचकी दिली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन गप्प बसली.

भिंगरीनं स्टिअरिंगवर एक चापट मारली, खाली उतरली आणि मागून ढकलायला लागली. घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत, कारण एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. शाळेत बाकावर बसवत नसे. पुढे नोकरीही तिनं तशीच धरली, जमिनीची मोजणी करण्याची. आज या माळावर, उद्या त्या कालव्यावर. कोणी मदतीला येईपर्यंत थांबणं तर तिच्या स्वभावातच नव्हतं. पण ही गाडी साधीसुधी नव्हती. दोन दारांची, लांब नाकाची, जमिनीला चिकटून बसलेली, एके काळी रस्त्यावरच्या भल्याभल्यांना धूळ चारलेली आणि वजनाला चांगलीच दणकट. ती जागची हलेना.

"पेट्रोल संपलं वाटतं?" मागून आवाज आला.

"छे! हिला जरा पाय मोकळे करायला आणलंय."

"मग हात सोडा की. तिची तिला चालू द्या."

भिंगरीनं वळून पाहिलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मनगटावर ग्रीसचा पट्टा, आणि हसताना एकच भुवई वर जाणारी. तिनं काहीतरी झणझणीत बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वाऱ्यानं तिचे केस तिच्याच तोंडात कोंबले. तोवर त्यानं गाडीला खांदा लावला होता.

"वारा समोरून आहे," तो ढकलता ढकलता म्हणाला, "नाहीतर एवढी जड नाही ही. किती देते?"

"काय?"

"ॲव्हरेज."

"ते विचारायचं नसतं."

"मी वय नाही विचारलं, मॅडम."

"वय चालेल. ॲव्हरेज नको."

तो इतक्या मोठ्यानं हसला की त्याचा खांदाच सुटला, आणि गाडी पुन्हा थांबली. पंपावर पोहोचेपर्यंत दोघांना घाम फुटला होता. टाकी भरत असताना त्यानं वाकून गाडीच्या धुराच्या नळकांड्यात बोट फिरवलं आणि काजळीनं माखलेलं बोट तिच्यापुढे धरलं. "ही नुसती पीत नाही, अर्धं सांडते. गॅरेजवर आणा एकदा. कोणालाही विचारा, सायलेन्सर कुठे बसतो म्हणून."

"सायलेन्सर? हे काय नाव आहे?"

"अहो ताई," पंपावरचा माणूस म्हणाला, "एकदा यांचं तोंड सुरू झालं ना, की बंद होत नाही. म्हणून."

भिंगरी गॅरेजवर गेली ती दुसऱ्याच दिवशी. सायलेन्सर मामाच्या गॅरेजमध्ये काम करायचा. लांब पत्र्याची शेड, भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने आणि कोपऱ्यात कायम उकळत असलेली चहाची किटली. भिंगरी बसली नाही. येरझाऱ्या घालत घालतच तिनं सगळं सांगितलं. गाडी दादाची. त्याला जुळं झालं आणि दोन दारांच्या गाडीत संसार मावेना, म्हणून त्यानं ती हिला देऊन टाकली. तेव्हापासून पगारातला निम्मा घास ही गाडीच खात होती. साइटवर जायचा प्रवासखर्च ऑफिस द्यायचं, पण तो चारचौघांसारख्या गाडीच्या हिशोबानं. लिटरला नऊ किलोमीटर मिळाले असते तर जेमतेम भागलं असतं. मिळत होते सात. बाबा रोज ऐकवायचे की हा हत्ती पोसणं पुरे झालं. शेवटी एकदा जेवताना चिडून ती बोलून गेली, "उन्हाळा संपायच्या आत नऊ देऊन दाखवते. नाही दिले तर मीच विकून टाकीन. शब्द!"

"आणि शब्द म्हणजे शब्द," सायलेन्सर बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला.

"आमच्या घरात हो."

"नऊ होतील. प्लग मेलेत, फिल्टर तुंबलाय, मागचा ब्रेक चिकटून चालतोय. दादांनी हौसेनं मागे पंख लावलाय, त्यानं गाडी उडत तर नाहीच, उलट तो वारा अडवतो. सगळं करता येईल. पण परवडेल का विचाराल, तर... नाही."

"नाही?"

"खर्च वाचलेल्या पेट्रोलमधून निघेपर्यंत तुमची नातवंडं गाडी चालवायला लागतील."

"मला अजून नवराच नाही."

"मग तर आणखीच उशीर." त्यानं बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं. "एवढा जीव का अडकलाय हिच्यात?"

हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. घरात सगळे परवडण्याचंच बोलायचे. ती येरझाऱ्या घालायची थांबली. "दिवसभर माझ्या आत काहीतरी पळत असतं," ती म्हणाली. "जेवताना, झोपताना, मिटिंगमध्ये... सतत. या गाडीत बसले की ते गाडीला देऊन टाकते. मग माझ्या आत जरा शांत होतं."

हात पुसून त्यानं तिच्यापुढे चहाचा पेला केला, आणि भिंगरी तिच्याही नकळत स्टुलावर बसली.

काम सुरू झालं, ते आठवडाभरात संपणारं नव्हतंच. एक भाग आला की दुसरा कुरकुरायचा. मोठी, जड चाकं काढून सायलेन्सरनं भंगारबाजारातून हलकी, लहान चाकं शोधून आणली. "पायात दगडाचे जोडे घालून पळायचं आणि वर धाप लागते म्हणायचं," असं तो जुन्या चाकांकडे बघून म्हणाला. दादाचा पंख उतरवताना त्याला भलताच आनंद झाला.

पण खरी गंमत होती ती मोजण्यात. दर रविवारी सकाळी, वारा पडलेला असताना, दोघं पंपावर जायची. मशीन तेच, जागा तीच, पुढचं चाक फरशीवरच्या खडूच्या खुणेवर. टाकी काठोकाठ भरायची, मग दोघांनी दोन बाजूंनी ढुशा मारून गाडी हलवायची, म्हणजे टाकीत अडकलेली हवा निघून जाते, आणि मग पुन्हा काठोकाठ. डावीकडून तो, उजवीकडून ती. गाडी डुलायची, पंपावरची माणसं तोंड फिरवून हसायची, आणि गाडीच्या टपावरून पलीकडचा तो दिसायचा, वर-खाली, वर-खाली. एकदा नजर तिथेच अडकली आणि दोघंही ढुशी मारायचं विसरली.

"ताई, झाली की हो हवा," पंपावरचा माणूस म्हणाला. भिंगरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मग ठरलेला रस्ता. गावाबाहेर पडून टेकडीला वळसा, आणि परत पंपावर. गाडी ती चालवायची, तो शेजारी बसून तिच्या उजव्या पायाकडे बघत राहायचा.

"पायाकडे काय बघताय?"

"सगळं पेट्रोल तिथूनच गळतंय. मॅडम, पॅडलखाली अंडं आहे असं समजा. फुटता कामा नये."

"मला नाही जमत हो असं दबकत."

"दबकू नका. फक्त... घाई नाही, एवढंच स्वतःला सांगा. कुठे पोहोचायचंय आपल्याला?"

कुठेच पोहोचायचं नव्हतं. तेच तिला चमत्कारिक वाटायचं. ती हळू चालवायची, तो अखंड बोलायचा. मामाच्या हाताखाली सगळी उमेद गंजून चाललीय, साध्या गाड्यांचं तेल बदलून बदलून हात विटलेत, आपलं स्वतःचं काहीतरी काढायचंय, असं सगळं. मधेच तो दम घ्यायला थांबायचा, आणि मग इंजिनाचा खालच्या पट्टीतला आवाज तेवढा ऐकू यायचा. सोमवार उजाडला की तिला पुढच्या रविवारची ओढ लागायची. मंगळवारपासून ती वाऱ्याचा अंदाज बघायला लागायची. आईनं एकदा विचारलंही, "तू हल्ली सारखी आभाळाकडे का बघतेस गं?"

"वारा पडतो का ते बघतेय."

"तुझं काही खरं नाही," आई म्हणाली.

सातांचे साडेसात झाले. मग आठच्या आसपास घोटाळले. आणि हलकी चाकं बसवल्यानंतरच्या रविवारी सायलेन्सरनं पंपावर उभ्या उभ्या हिशोब केला, पुन्हा केला, आणि कॅल्क्युलेटर तिच्या नाकापुढे धरला. नऊ. नऊच्या वर किंचित काहीतरी.

भिंगरी किंचाळली. त्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि दोघंही त्या खडूच्या खुणेवर लहान मुलांसारखी उड्या मारायला लागली. उड्या थांबल्या, हात तसेच राहिले. त्याच्या तळव्याला ग्रीसचा, पेट्रोलचा वास होता, आणि तिला तो कुठल्याही अत्तराहून बरा वाटला.

"एकदा आलेलं खरं मानायचं नसतं," तो हळूच म्हणाला. "तीनदा यायला हवं. म्हणजे अजून दोन रविवार..."

"तीन," ती म्हणाली. "वाऱ्याचा काय भरवसा."

त्याच आठवड्यात माशी शिंकली.

भिंगरी कालव्याच्या कामावर होती. कालव्याच्या कडेनं सरळ कच्चा रस्ता होता, आणि त्यावर तिनं स्वतः मोजून रोवलेले दगड. पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत बरोबर पाच किलोमीटर. शेवटच्या दगडाशी पोहोचल्यावर तिची नजर सहज गाडीच्या मीटरवर गेली, आणि तिथेच थिजली. मीटर साडेपाच दाखवत होतं.

ती मागे फिरली. पुन्हा साडेपाच. तिसऱ्यांदाही तेच. मग ती उतरली, चाकाशी बसली, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मीटर काही रस्ता मोजत नाही. ते मोजतं चाकाचे फेरे. चाक लहान झालं, की तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त, आणि मीटरवर किलोमीटरही जास्त. गाडी नऊ देत नव्हती. सव्वाआठ देत होती. वरचा पाऊण हवेतला होता.

दुसऱ्या कोणाच्या गाडीवर ही चूक सायलेन्सरला झोपेत कळली असती. आणि तिला? तिचं तर पोटच मोजण्यावर चालायचं. पण दोघांनाही नऊ इतके हवे होते, की नऊ दिसल्यावर चाकाकडे पाहिलं कोणी?

सरळ गॅरेजवर जायचं आणि सांगून टाकायचं, असं ठरवूनच ती निघाली. गॅरेजच्या कोपऱ्यापर्यंत गेली. आणि तिथे तिला दिसलं पुढचं सगळं. तो कपाळाला हात लावेल, हसेल, म्हणेल, झालं मॅडम, यापेक्षा जास्त काही होणार नाही. मग शब्द म्हणजे शब्द. गाडी विकायची. मग कसले रविवार, कसली टाकी, कसल्या ढुशा? ग्राहकाचं काम संपलं की ग्राहक आपल्या घरी जातो. तिनं गाडी वळवली आणि घरी आली.

त्या दिवसापासून तिला धड बसवेना, धड उठवेना. ऑफिसला ती खरे किलोमीटर लिहून द्यायला लागली, मीटरमधून वरचे कापून. कोणाची फसवणूक तिला करायची नव्हती. बाबा रोज सकाळी पेपरामागून विचारायचे, "काय गं, किती?" आणि ती चपला शोधायचं निमित्त करून आत पळायची. रविवारी मात्र खडूच्या खुणेवर उभी राहायची, ढुशा मारायची, नऊ आले की हसायची. तो खूश होऊन तिच्याकडे बघायचा तेव्हा ती टाकीचं झाकण पुन्हा पुन्हा आवळायची. आज सांगू. परतताना सांगू. पुढच्या रविवारी नक्की...

तिसऱ्या नऊनंतर त्यानं तिला गॅरेजच्या मागे नेलं. "डोळे मिटा."

"मला नाही राहवत डोळे मिटून."

"एवढं तरी ऐका कोणाचं तरी."

तिनं डोळे उघडले तेव्हा समोर एक मोठा लाकडी फलक भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्यावर खडूनं आखलेली अक्षरं होती: जुन्या दमदार गाड्यांचं ॲव्हरेज वाढवून मिळेल. खाली त्यांच्याच गाडीचं चित्र, आणि चित्राखाली, सात ते नऊ.

"पंपाच्या मागची शेड मिळतेय मला," तो भराभर बोलत सुटला. "पंपाचे मालक स्वतः म्हणाले. तुमच्या गाडीचे नऊ बघितले ना त्यांनी डोळ्यांनी! शुक्रवारी करार. मामाला सांगून टाकलं, या महिन्यानंतर मी नाही. मामा चिडलाय, म्हणतो, गेलास तर परत येऊ नकोस. पण आता परत यायचंय कोणाला? फक्त रंग ठरायचाय. तुम्ही सांगा, निळा की हिरवा?"

तो तिच्याकडे बघत होता, एक भुवई वर करून, सगळा आनंद चेहऱ्यावर सांडून.

"निळा," ती म्हणाली.

घरी येईपर्यंत तिला स्वतःची इतकी लाज वाटायला लागली, की आरशासमोरून जाताना तिनं मान फिरवली. आतापर्यंत आपण आपल्याच गाडीबद्दल गप्प बसलो होतो. पण आता हा माणूस आपल्या गप्प बसण्यावर घर बांधायला निघाला होता. पहिलाच ग्राहक कधी ना कधी मोजणार, आणि मग हा तोंडघशी पडणार, मामाचं दार बंद झालेलं असताना. रविवार गेले तर जातील. तो गेला तर जाईल. तिला त्या विचारानंच रडू येत होतं, पण गुरुवारी सकाळी ती गॅरेजसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "जरा बसा गाडीत. काहीतरी दाखवायचंय."

"आज गुरुवार आहे, मॅडम. वाराही आहे. लोक काय म्हणतील?" तो खुशीत येऊन बसला. वाटेत त्यानं दोनदा केस सारखे केले. तिला ते दिसलं, आणि आणखीच कसंतरी झालं.

पहिल्या दगडाशी तिनं गाडी थांबवली. "हा दगड मी रोवलाय. पलीकडचा शेवटचाही मीच. मधलं अंतर पाच किलोमीटर. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. तुम्ही मीटरवर लक्ष ठेवा."

शेवटच्या दगडाशी तो आधी हसला. "साडेपाच. तुमचा दगड हलला, मॅडम."

"माझा दगड हलत नाही."

त्याचं हसू ओसरलं. तो खाली उतरला, पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. टायरवर वीत ठेवली, पुढे सरकवली, पुन्हा ठेवली. फार वेळ लागला नाही त्याला. तो तसाच बसून राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सायलेन्सर खरोखर गप्प झाला. वारा कालव्याच्या पाण्यावरून सरसरत येत होता.

"कधी कळलं?" त्यानं चाकाकडे बघतच विचारलं.

"पहिल्या नऊनंतर. त्याच आठवड्यात."

"त्याच आठवड्यात." तो उठला. "म्हणजे नंतरचे सगळे रविवार तुम्ही..."

"हो."

"मी बोर्ड दाखवला तेव्हाही."

"हो."

"आणि त्याचा रंग सांगितलात."

तिनं नुसती मान डोलावली.

"का?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "मी हसलो असतो हो स्वतःवर. चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर मोजणं संपलं असतं." ती म्हणाली. "मोजणं संपलं की तुमच्याकडे यायला मला कारण उरलं नसतं. मला... मला तुम्ही आवडता. गाडी सात देते की नऊ, याच्याशी मला केव्हाच काही देणंघेणं उरलं नव्हतं. मला रविवार हवे होते. म्हणून गप्प बसले. चूक केली. तुमच्या बोर्डापर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं."

त्याच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाच्या मागे आणखीही काहीतरी होतं, पण ते तिला वाचता आलं नाही.

"सोडते मी गॅरेजवर," ती म्हणाली.

"नको. जाईन मी चालत."

समोरच्या वाऱ्यात मान खाली घालून तो कालव्याच्या कडेनं चालत गेला. भिंगरी गाडीत बसली आणि पोटभर रडली.

पुढचं तिला पंपाच्या मालकांकडून कळलं. गुरुवारीच तो त्यांच्याकडे गेला होता. "येऊन म्हणाला, काका, नऊ नाहीत, सव्वाआठ आहेत. आणि एवढंही वाढवायला जो खर्च येतो तो दहा वर्षांत निघत नाही, तेव्हा हा धंदा लोकांच्या गळ्यात मारण्यासारखा नाही. मी म्हटलं, अरे वेड्या, बोर्डावर नऊ राहू दे की. मोजतंय कोण?" मालकांनी चष्मा पुसला. "तर म्हणाला, आहे एक मोजणारी."

शेड मालकांनी गाड्या धुणाऱ्या माणसाला दिली. सायलेन्सर मामाच्या हातापाया पडून पुन्हा तेल बदलायला लागला, असं पंपावर सगळे सांगत होते.

घरी बाबांनी पेपर खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. मग चक्क म्हणाले, "सव्वाआठ म्हणजे तसे नऊच की. राहू दे गाडी."

"नाही बाबा," भिंगरी म्हणाली. "आता मला सव्वाआठला सव्वाआठच म्हणायचंय."

गाडी घ्यायला आले ते निवृत्त झालेले दातांचे डॉक्टर. त्यांना फक्त सुट्टीच्या दिवशी बायकोला शेजारी बसवून एक चक्कर मारायची होती. भिंगरीनं आपण होऊन ॲव्हरेज सांगायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, "ते कशाला सांगता? मी काय टॅक्सी चालवणार आहे?" त्यांच्या हिशोबात सगळं परवडत होतं. गाडी न्यायच्या आदल्या दिवशी ती साइटवरून घरी आली तर गाडीला जुनी मोठी चाकं परत बसवलेली होती.

"तो येऊन गेला," बाबा म्हणाले. "म्हणाला, गाडी खऱ्या मीटरनं जायला हवी. पाणी प्यायला आणि गेला. बोलला नाही फारसा."

"माझ्याबद्दल काही विचारलं?"

"तू कुठल्या साइटवर असतेस, तेवढं विचारलं." बाबांनी पुन्हा पेपर वर धरला. "मी म्हटलं, तिचा काय नेम."

गाडी गेली, आणि तिच्या आत जे पळायचं ते आता कोणाला द्यावं हेच तिला कळेना. ती बसनं साइटवर जायची, बसायला जागा असली तरी दांडा धरून उभी राहायची. रविवार तर अंगावर यायचा. वारा पडलेला असला तर जास्तच. गॅरेजच्या रस्त्यानं जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि रोज त्या रस्त्याच्या तोंडाशी तिची पावलं हळू व्हायची. जाऊन म्हणणार तरी काय? गाडी नाही, काम नाही. सांगायचं ते तर सांगून झालं होतं. त्यावर तो चालत निघून गेला होता, आणि ते उत्तर पुरेसं स्पष्ट होतं.

त्या दिवशी ती मोठ्या माळावर मोजणी करत होती. तिचा मदतनीस यंत्रासमोर धरायची काठी जमिनीत खोचून जेवायला गेला होता. तिला भूक नव्हती. यंत्राच्या दुर्बिणीला डोळा लावून ती उगीच पलीकडचं निरखत होती. काठी दिसली. मग काठीवर एक हात आला, मनगटावर ग्रीसचा पट्टा असलेला. तिनं डोळा चोळून पुन्हा लावला. दुर्बिणीत तो इतका जवळ दिसत होता, की त्याच्या कपाळावरचा घामही दिसला.

तिचा फोन वाजला.

"ही काठी कशी धरतात?" तो म्हणाला.

"सरळ." ती म्हणाली. "तिच्यावर गोल काच आहे ना, त्यातला बुडबुडा मधोमध आणायचा."

"पळतोय तो."

"हात थरथरतोय तुमचा."

"साहजिक आहे. तीन साइट पालथ्या घातल्या. तुमच्या बाबांनी काही धड सांगितलं नाही."

ती दुर्बिणीतून बघतच राहिली. "काय काम काढलंत?" तिनं विचारलं. "गाडी तर विकली मी."

"माहीत आहे. म्हणून तर आलो." तो थांबला. बोलायला शब्द शोधताना तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. "गाडी होती तोवर मलाही कळत नव्हतं ना... मी गाडीची वाट बघतो, की... गाडी गेली. म्हटलं, आता बघू या. तर रविवारी सकाळी पाय आपोआप पंपावर गेले. खडूच्या खुणेवर उभा राहिलो मूर्खासारखा. काका म्हणाले, टाकी कुठेय?"

भिंगरीला हसू आलं, आणि दुर्बिणीतला तो धूसर झाला.

"तुम्ही चिडला होतात," ती म्हणाली.

"अजून थोडा आहे. निळ्या रंगावरून."

"निळा चांगला दिसला असता."

"म्हणूनच चिडलोय." मग त्याचा आवाज खाली आला. "एक विचारायचं होतं. त्या दिवशी कालव्यावर तू जे म्हणालीस... ते तरी नीट मोजून म्हणाली होतीस ना?"

त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आलेलं ते 'तू' तिच्या अंगभर फिरून आलं. "नाही," ती म्हणाली. "तेवढं एक न मोजता म्हणाले होते."

"बरं झालं. मोजलं असतंस तर मी परवडलोच नसतो. ना शेड, ना धंदा, वर मामाची बोलणी." त्यानं काठीवरचा हात बदलला. "पण मलाही तू आवडतेस. ते मला त्या दिवशी चालत जातानाच पक्कं ठाऊक होतं. फक्त रागात सांगायचं नव्हतं."

माळावर वारा होता. तिच्या एका कानात तोच घोंगावत होता, आणि दुसऱ्या कानात, फोनमधून, त्याच्याकडचा.

"त्या यंत्रात बघ बरं," तो म्हणाला, "किती अंतर आहे?"

तिनं बटण दाबलं. "एकशे बारा मीटर. आणि वर थोडं."

"फार आहे गं."

यंत्र एकटं सोडून कुठेही जायचं नाही, हे नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिला बजावलेलं होतं, आणि आजवर तिनं ते पाळलं होतं. तिनं फोन खिशात घातला, यंत्र तिथेच उभं ठेवलं आणि निघाली. धावायची तिला सवय होती, पण आज ती चालत गेली, कारण समोर उभा असलेला तो तिला प्रत्येक पावलावर बघायचा होता. तो कुठेही जाणार नव्हता. काचेतल्या बुडबुड्यावर नजर ठेवून, काठी दोन्ही हातांनी सरळ धरून तो उभा होता, तिनं सांगितलं होतं तसाच.

ती अगदी पुढ्यात येऊन थांबली तेव्हा त्यानं विचारलं, "अजून धरून ठेवू?"

"टाक खाली," भिंगरी म्हणाली.